आमच्या बंदुकीनं मारलेला एकमेव माणूस

आमच्या घरची बंदूक बाबांनी स्वतःच्या हातानं बनवली होती आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तिच्याबद्दल खोटं बोलायला मजा यायची.

बाबा रायपूरला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. मी शाळेत असताना कॉलनीतल्या मराठी मंडळींनी गणपतीत एक ऐतिहासिक नाटक बसवलं. त्यातल्या पहारेकऱ्याला ठासणीची बंदूक हवी होती. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं पुठ्ठा गुंडाळून वर चंदेरी कागद चिकटवला असता. बाबांना पुठ्ठ्याचं काम म्हणजे फसवणूक वाटायची. त्यांनी साहेबाला विचारून भंगारातला एक शाफ्ट आणला, लेथवर चढवून तो निमुळता केला, लांबून नळी वाटावी म्हणून तोंडाशी दोन इंच भोक पाडलं, मागं सागाचा दस्ता बसवला, त्यावर पितळेच्या पट्ट्या ठोकल्या. चाप दाबला की 'खट्' असा आवाजसुद्धा यायचा. बंदूक देखणी झाली, फक्त आतून भरीव लोखंडाची. पहिल्याच अंकात पहारेकऱ्यानं मुजरा करताना ती आपल्या पायावर पाडली, आणि उरलेलं सगळं नाटक किल्ल्याचा पहारा लंगडत झाला. मंडळींनी दुसऱ्या दिवशी आभार मानून ती परत आणून दिली. तेव्हापासून ती बैठकीच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर.

खंडेनवमीला बाबा घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायचे. पाने, पकडी, हातोड्या, कानस, आईची शिलाई मशीन, दाराशी झेंडूची माळ घातलेली माझी स्कूटर. आणि सगळ्यांच्या मधोमध ही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोनं द्यायला पाऱ्यातले, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातले, लोक यायचे, नातेवाईक यायचे, ऑफिसातले यायचे, आणि हळदकुंकू लावलेली बंदूक पाहून कुणीतरी हमखास विचारायचं, "भैया, असली है क्या?"

तेवढं विचारलं की मी सुरू.

मी नवा रायपूरला एका सरकारी कार्यालयात आहे. दिवसभर फाइलींवर जे लिहितो त्याला तिथं खरं म्हणतात. त्यामुळे वर्षातून एक दिवस मनापासून खोटं बोलायची मुभा मी स्वतःला दिली होती. नियम एकच, दर दसऱ्याला इतिहास नवा. एका वर्षी ती नागपूरच्या फौजेतली फार सबुरीची बंदूक होती. सकाळी चाप ओढला की बार जेवणं झाल्यावर उडायचा. शत्रूलाही हे ठाऊक असल्यामुळं दोन्हीकडचे लोक बाराच्या सुमाराला भाकरी खाऊन, हात धुऊन, परत आपापल्या जागी येऊन उभे राहत. एका लढाईत मधेच एकादशी आली, कुणी जेवलंच नाही, आणि बार उडायचा राहून गेला तो आजतागायत. दुसऱ्या वर्षी ती लग्नातली होती. सासऱ्यानं जावयाला बंदूक दिली पण गोळ्या आपल्याजवळ ठेवून घेतल्या, म्हणाला, पोरीचं सुख बघून पाठवतो. तीन पिढ्या बंदूक एका घरी आणि गोळ्या दुसऱ्या घरी राहिल्या, आणि त्या दोन घरांत जेवढा सलोखा होता तेवढा पंचक्रोशीत नव्हता. एकदा ती एका गोऱ्या साहेबाची वाकडी बंदूक झाली. साहेबानं वाघावर झाडली तर गोळी वाघाला वळसा घालून परत आली आणि खानसाम्याच्या हंडीला लागली. "पण ही तर सरळ आहे," असं कुणी म्हटलं की मी म्हणायचो, "खानसाम्यानं मग ठोकून सरळ केली ना."

बाबा खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे. शेवटी त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "मेहनत बापाची, अन् तोंड पोट्ट्याचं."

अस्वलाची गोष्ट मी रचली त्या वर्षी बहीण तिच्या मुलांना घेऊन दसऱ्याला आली होती. मुलं सोफ्यावर ओळीनं बसून मोबाइलमध्ये डोकं घालून होती. एकादशी झाली, हंडी झाली, एकानं मान वर केली नाही. गोष्ट सांगणाऱ्याचा असा अपमान झाला की तो काहीही करू शकतो. मी म्हटलं, "ह्या बंदुकीनं आजपर्यंत एकच माणूस मारला. आणि तो मारणारा ह्याच खोलीत बसलाय."

माना वर झाल्या.

मग मी सांगितलं. बाबा नुकतेच नोकरीला लागलेले, क्वार्टर गावाच्या अगदी कडेला, मागं शेतं. थंडीची पहाट, धुकं. सायकलवर बोरं विकणारा एक माणूस, अंगावर काळी घोंगडी. त्याचं पोतं फाटलं, बोरं सांडली, आणि तो चार पायांवर होऊन ती वेचायला लागला. आता अस्वल बोरांसाठी किती वेडं असतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आणि आमचे बाबा म्हणजे झुरळसुद्धा पेपरवर घेऊन बागेत सोडणारा माणूस. त्यांनी खिडकीतून पाहिलं, बंदूक उचलली आणि ठो! "तेव्हा अस्वल म्हणालं, अरे देवा."

मुलं सोफ्यावरून खाली पडली. मग पुरायची भानगड आली, कुठं पुरलं ते आलं. जिथं पुरलं तिथंच पुढं आपलं हे घर झालं आणि मागच्या अंगणात चिकू लावला. "म्हणून आपले चिकू एवढे गोड!"

बाबा त्या दिवशी इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या मुलीनं सगळं मोबाइलवर घेतलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. पुढच्या वर्षी लोकांनी नवा इतिहास ऐकूनच घेतला नाही. "वो भालू वाला सुनाओ." माझा नियम मोडला. पुढची चार वर्षं दसऱ्याला मी तोच माणूस मारत राहिलो, दर वर्षी थोडा जास्त चांगला.

मधल्या काळात आई गेली. आणि बाबांचं विसरणं सुरू झालं. आधी पान्यांचे नंबर गेले, मग शेजाऱ्यांची नावं, मग एकदा गॅसचा लायटर देवघरात सापडला आणि निरांजन ओट्यावर. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात नवीन आधी जातं, जुनं टिकतं. मला बरं वाटलं. माझी गोष्ट दर वर्षी सांगून सांगून जुनी झाली होती, हे काही मी डॉक्टरांना सांगितलं नाही. तेव्हा ते मलाही सुचलं नव्हतं.

मागच्याच्या मागच्या दसऱ्याला मी अस्वल सांगितलं तेव्हा बाबा हसले नाहीत. दमले असतील, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो. ते म्हणाले, "त्याच्या घरचं कोणी आलं होतं काय रे?"

"कोणाच्या?"

"बोरंवाल्याच्या."

त्या वेळी मला काय झालं ते मी लिहिलंच पाहिजे. मला आनंद झाला. कित्येक महिन्यांत ते माझ्याशी सलग दोन वाक्यं बोलले नव्हते. मला वाटलं, म्हातारा खेळात उतरलाय. आणि कुणी खेळात उतरलं की मला धीर धरवत नाही.

"येऊन गेली ना त्याची बायको," मी म्हटलं. "एक पोर कडेवर, एक हाताशी."

"कुठची?"

"अभनपूरच्या पुढं कुठलंसं गाव."

"मंग? आपण काय म्हटलं तिले?"

"आई म्हणाली, इकडं कोणी बोरंवाला आलाच नाही."

"अन् ती?"

"ती काय करणार. फाटकापाशी बसून राहिली. संध्याकाळपर्यंत. मग गेली."

'संध्याकाळपर्यंत' हे मला तिथल्या तिथं सुचलं होतं आणि फार आवडलं होतं. मी बाबांकडं पाहिलं, दाद मिळेल म्हणून. ते फाटकाकडं बघत होते.

त्या दिवशी जेवताना त्यांनी अर्धी पोळी आणि भात ताटाच्या कडेला सारला. "हे त्या पोरायसाठी राहू दे."

"कोणत्या पोरांसाठी, बाबा?" बायकोनं विचारलं.

बाबांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्याले माहीत हाये."

आठ दिवसांत त्यांचं जेवण अर्ध्याचं पाव झालं. मग एक दिवस त्यांनी ताटच सरकवलं. माणूस मारणाऱ्यानं घरच्यांच्या पंगतीत बसू नये, असं म्हणाले. भूक नसलेल्या माणसाला चुचकारता येतं. ह्यांना भूक होती, वरणाच्या वासानं मान वळायची आणि परत ते मान फिरवून घ्यायचे. बायकोनं सगळं खोदून खोदून विचारलं, ओसरीतलं बोलणं मी तिला सांगितलं. तिनं वरणावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तुमचं तोंड ना, जरा आवरत नाही तुम्हाले. त्या बिचाऱ्या माणसाले गोळी कमी पडली होती काय, तर वरून बायको-पोरं दिली?"

"अगं, मला वाटलं ते गंमत करताहेत."

"त्यांले आता गंमत समजते काय? मले सांगा, काहून बोलता इतकं?"

मी बाबांचं सरकवलेलं ताट उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं.

त्यानंतरच्या सोमवारी मुलीचा ऑफिसात फोन आला. ती कॉलेजात आहे. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. "पापा, जल्दी आओ. आजोबा चीकू के नीचे खोद रहे हैं. बोल रहे हैं हड्डी निकालनी है." थोडं थांबून तिनं विचारलं, "वो सच में झूठ ही था ना, पापा?"

नवा रायपूरहून घरी यायचा रस्ता रुंद आणि रिकामा आहे. त्या दिवशी मला तो पहिल्यांदाच लांब वाटला. मी पोचलो तेव्हा बाबा गुडघाभर खड्ड्यात उभे होते. हातात सब्बल, खणायची लोखंडी पहार. चिकूची मुळं तोडून बाजूला लावलेली, तीसुद्धा लांबीप्रमाणे ओळीत, फिटरसारखी. धोतर मातीनं भरलेलं. खड्ड्याच्या काठावर गमछा पसरला होता आणि त्यावर एक हाड.

"सापडलं," ते म्हणाले.

"बाबा, हे बकऱ्याचं आहे. कुत्र्यानं आणून पुरलं असेल."

"तुले काय समजते? तू बाबू हाये. टेबलावर बसणारा." त्यांनी हाडावरची माती अंगठ्यानं पुसली. "बाकीचं बी निघंन. त्या बाईच्या हातात काही तरी दिलं पाहिजे ना रे. रिकाम्या हातानं गेली होती."

मी खड्ड्यात उतरलो, त्यांच्या हातातून सब्बल घेतली आणि तिथंच सगळं कबूल केलं. गोष्ट मी रचली. बोरंवाला नव्हता. त्याची बायको नव्हती. पोरं सोफ्यावर बसून मोबाइल बघत होती म्हणून मी एक माणूस मारला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मातीचा हात माझ्या पाठीवर ठेवला.

"लेकरू हायेस तू माझं," ते म्हणाले. "बापाले वाचवून राहिला. पण असं खोटं नको बोलू."

संध्याकाळी मुलीला वाटलं की तिच्याजवळ पुरावा आहे. तिनं तो जुना व्हिडिओ काढला आणि त्यांच्यापुढं धरला. "देखो आजोबा, पापा मज़ाक कर रहे हैं. देखो, आप खुद कितना हँस रहे हो."

त्यांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. त्यात मी हात उडवतोय, मुलं खाली पडताहेत, आणि मागं खुर्चीत बाबा मांडीवर थाप मारून हसताहेत, ठसका लागेपर्यंत.

"हा मी हाये?"

"हाँ, आजोबा."

"मी हसून राहिलो?" त्यांनी मोबाइल तिच्या हातात परत दिला, अगदी हळू, गरम असल्यासारखा. "माणूस मारून मी असा हसून राहिलो?"

त्यानंतर दोन दिवस ते पाण्याशिवाय काही घेईनात. मुलगी आपल्या खोलीत रडत होती. मी तिला समजवायला गेलो तर म्हणाली, "आप कुछ मत बोलो, प्लीज़." बरोबरच होतं.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, गोळ्या बदलल्या, आणि म्हणाले की वाद घालू नका, विषय बदला. पण मला एक सुचलं होतं. बाबा माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, मोबाइलवर ठेवणार नाहीत, पण लोखंडावर ठेवतील. लोखंड त्यांना आयुष्यात कधी खोटं बोललं नव्हतं.

मागच्या पडवीत त्यांचा वाइस अजून लाकडी बाकाला बसवलेला आहे. मी बंदूक खुंटीवरून उतरवली आणि त्यांना तिथं घेऊन गेलो. आधी नळीत तार घातली. दोन इंच जाऊन ती अडली. मी म्हटलं, "बघा, पुढं भोकच नाही."

त्यांनी तार हातात घेतली, फिरवली. "बुजवली हाये," ते म्हणाले. "मीच बुजवली असंन. पोलीस येतीन म्हणून."

"मग कापून बघू."

नळी वाइसमध्ये आडवी धरली, मधोमध खूण केली आणि मी हॅक्सॉ चालवायला लागलो. दहा-बारा हात मारले असतील, बाबा माझ्याकडं असं बघायला लागले जसे लहानपणी माझ्या गणिताच्या वहीकडं बघायचे.

"असा रेटू नको. दाते कोणीकडं हायेत ते पाह्यलं काय? पुढं जाताना दाब दे, मागं येताना सोड. पाय असा ठेव. भाजी चिरून राहिला काय?"

मी पाय तसा ठेवला. ते उठून आले, माझ्या मुठीवर त्यांनी आपला हात ठेवला, आणि आम्ही दोघं मिळून कापायला लागलो. तो हात आता वाळलेला होता, पण त्याला लय ठाऊक होती. मधे मधे ते थांबायला सांगून तेलाचे दोन थेंब सोडायचे. लोखंडाचा कीस बाकावर जमत होता. दीड तास लागला असेल. त्या दीड तासात त्यांनी बोरंवाल्याचं नाव काढलं नाही, आणि मला मनातल्या मनात वाटून गेलं की हा शाफ्ट आणखी थोडा जाड असायला हवा होता.

तुकडा सुटला. बाबांनी तो उजेडाकडं धरला. कापलेला भाग नव्या रुपयासारखा चकचकीत. काठापासून काठापर्यंत लोखंड.

"भरीव हाये," ते म्हणाले.

"हो."

"ह्याच्यातून गोळी नाही जात."

"नाही जात, बाबा. कधीच गेली नाही."

त्यांनी तो तुकडा फिरवून बाहेरून बघितला, लेथचे बारीक वळसे नखानं चाचपले. "काम चांगलं हाये. कोणी केलं?"

"तुम्ही."

त्यांनी मान हलवली, कुणी जास्तच स्तुती केल्यावर हलवतात तशी. आणि आत जाऊन बायकोला म्हणाले, "सूनबाई, जेवायले वाढा."

बायकोनं वाढताना तोंड पलीकडं वळवलं होतं. त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, भात खाल्ला, ताक मागितलं. दुसऱ्या दिवशीही जेवले. मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत असताना ते मागं येऊन उभे राहिले. आरशात त्यांचा चेहरा दिसला.

"ते तर नाटकातलं निघालं," ते म्हणाले. "मंग मी त्याले मारलं ते कायनं? खरी कुठी लपवली तुम्ही?"

मी नंतर पुष्कळ विचार केला की त्या क्षणी काय सांगायला हवं होतं. मी जे सांगितलं ते हे, की तो माणूस मेलाच नव्हता. नुसती गोळी चाटून गेली. बरा झाला, घरी गेला. माणसाला एकच धंदा येत असला की तो बुडतानाही तोच करतो.

"तू पाह्यला त्याले?"

"हो."

"मंग चाल. मले भेटव."

पुढच्या रविवारी मी त्यांना गाडीत बसवलं आणि अभनपूरकडं निघालो. बायकोनं डबा भरून दिला, देताना एवढंच म्हणाली, "आता आणखी काही सांगू नका." मी ठरवलं होतं की थोडं फिरवायचं, गाव सापडत नाही म्हणायचं आणि परत यायचं. गावाला मी नावच दिलं नव्हतं. चार वर्षं बोरं, घोंगडी, धुकं, सगळं बारकाव्यानिशी रचलं होतं, आणि मेलेल्या माणसाला गाव दिलं नव्हतं. गाडी चालवताना मला त्याची लाज वाटत होती, जणू तो खरंच होता.

अभनपूरला त्या दिवशी बाजार होता. गर्दीत गाडी अडकली म्हणून मी कडेला लावली, आणि मी आरसा बघतोय तोवर बाबा दार उघडून खाली उतरले होते. मी धावलो. ते एका म्हातारीसमोर जाऊन उभे राहिले होते. पोत्यावर भाजीच्या जुड्या लावून बसलेली, त्यांच्याच वयाची बाई. नेमकी तीच का, ते मला माहीत नाही. बाबांनी हात जोडले, मग वाकले, इतके की मला वाटलं पडतात.

"माफ कर दे, दाई."

ती बिचकली. त्यांच्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्या पाठीमागून आपल्या डोक्याशी बोट फिरवून खूण केली. ह्या सगळ्या प्रकरणात मला ज्या गोष्टींची लाज वाटते त्यांत ती खूण वरच्या नंबरावर आहे. तिनं ती खूण पाहिली आणि सोडून दिली.

"का होगे, बबा?"

बाबांनी तीस वर्षं छत्तीसगढी माणसांबरोबर काम केलेलं. "मोर ले गलती होगे," ते म्हणाले. "बहुत बड़े."

म्हातारीनं कसली चूक ते विचारलं नाही. तिनं त्यांचे जोडलेले हात आपल्या हातानं खाली केले. "हव गा. होथे. माफ हे." आणि मग, लहान मुलाला दटावावं तशी, "जा, भात खा ले."

गाडीत बसल्याबरोबर त्यांनी डबा मागितला. सगळा संपवला. लोणचं कमी दिलं म्हणाले. परतीच्या रस्त्यावर त्यांना झोप लागली, आणि मी गाडी हळू चालवत घरी आलो.

मला वाटलं, झालं. त्यानंतर खरोखरच सगळं पुसत गेलं. महिन्याभरात म्हातारी गेली, मग अभनपूर गेलं. बंदुकीचे दोन तुकडे मागच्या बाकावर पडले होते, त्यांच्याजवळून ते नुसते निघून जायचे. चिकूखालचा खड्डा मी बुजवत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, इथं काय लावून राहिला? थंडीत एकदा मी मुद्दाम बोरं आणली, बशीत घालून त्यांच्यापुढं ठेवली आणि बघत बसलो. त्यांनी एकेक करून सगळी खाल्ली, बिया मुठीत धरल्या आणि विचारलं, "अजून हायेत काय?" अस्वल गेलं होतं. बोरंवाला गेला होता, त्याची बायको फाटकावरून उठून गेली होती. सांगायला लाज वाटते, पण बापाचं डोकं रिकामं होत चाललंय ह्याचा मला त्या दिवशी आनंद झाला.

त्याच संध्याकाळी बायकोनं ताट पुढं ठेवलं तर त्यांनी हात जोडले. "माफ कर, सूनबाई."

"कशाबद्दल, बाबा?"

ते आठवायला लागले. कपाळावर आठ्या घालून, छताकडं बघत, खिशात काही शोधल्यासारखं. बराच वेळ. शेवटी त्यांनी हात खाली घेतले. "आठवत नाही," ते म्हणाले. "पण मोठं हाये."

आता त्यांना आम्ही कोण ते रोज कळतंच असं नाही. मला कधी साहेब म्हणतात, मुलीला कधी आईच्या नावानं हाक मारतात. पण ते कुणालाही सोडत नाहीत. दूधवाला, सिलिंडरवाला, व्यायाम घ्यायला येणारी मुलगी, सगळ्यांपुढं हात जोडतात. दूधवाल्याला सवय झाली आहे, तो किटली ठेवून म्हणतो, "कोई बात नहीं, बाबूजी, माफ़ किया," आणि मग बाबा अर्धा कप दूध घेतात. व्यायामवाली मुलगी मानेनंच हो म्हणते आणि वही उघडते. कुणी म्हटल्याशिवाय घास तोंडात जात नाही. म्हटल्यावर चार-सहा जातात, मग पुढच्या ताटाला परत पहिल्यापासून. मी डॉक्टरांना विचारलं, ज्याची गोष्टच उरली नाही त्याचं हे ओझं कसं उरलं? ते म्हणाले, असं होतं.

मी बरेच दिवस म्हणत नव्हतो. माझ्यापुढं हात जोडले की मी म्हणायचो, "बाबा, तुम्ही काही केलेलं नाही." आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना खरं तेवढंच सांगत होतो, रोज, न थकता, हट्टानं. ते ऐकायचे, आणि ओठ मिटून घ्यायचे. त्यांचं मनगट आता माझ्या दोन बोटांत मावतं.

सकाळी घरात दुसरं कुणी नसतं. बायको शाळेत शिकवायला गेलेली असते, मुलगी कॉलेजात. नाश्ता मीच भरवतो. मऊ भात, वर थोडं तूप. चमचा त्यांच्या ओठांशी नेला की ते माझ्याकडं बघतात आणि हात जोडतात. मी ते हात आपल्या डाव्या हातात धरतो.

"माफ केलं, बाबा," मी म्हणतो.

"खरंच?"

"खरंच."

मग ते तोंड उघडतात.